मढई, पचमढी आणि डिकीतला त्रिशूल

मध्य प्रदेशातल्या टायगर रिझर्व्हची कोअरमधली (म्हणजे जंगलाच्या आतल्या मुख्य भागातली) गेटं बुधवारी दुपारनंतर बंद असतात. ही एवढी एक गोष्ट मला माहीत नव्हती आणि मी सातपुड्यातल्या बुधवार संध्याकाळच्या सफारीसाठी आठ दिवस रोज रात्री जेवणं आटोपली की वेबसाइट उघडून बसत होते, कोणीतरी कॅन्सल करेल, एखादी जिप्सी (सफारीची उघडी जीप) रिकामी दिसेल म्हणून. शेवटी ऑफिसमधला एकजण हसून म्हणाला, अहो मॅडम, बुधवारी शामको वाघ पण सुट्टीवर असतो. मग सगळा प्लॅन एक दिवस पुढे ढकलला, नवऱ्याने म्हणजे मंदारने रजेचा अर्ज बदलला आणि संक्रांत उरकून गुरुवारी निघायचं ठरलं.

सातपुडाच का, तर आमच्या घरात तीन माणसांना तीन वेगवेगळ्या गोष्टी हव्या होत्या. ओजसला (वय १३) वाघ. मंदारला थंडी, डोंगर आणि फोन न लागणारी जागा. आणि आईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, चौरागढ, पचमढीजवळच्या डोंगरावरचं महादेवाचं देऊळ. कान्हा-बांधवगढला वाघ नक्की दिसला असता पण चौरागढ तिथे नाही, आणि नुसतं पचमढीला गेलो असतो तर ओजसने चार दिवस तोंड पाडलं असतं. सातपुडा नॅशनल पार्कमध्ये हे सगळं एका जंगलात बसतं. पार्क १९८१ चं, खालच्या अंगाला मढईचं गेट आहे जिथून जिप्सी सफारी होते, आणि वर डोंगरावर पचमढी. ज्यांना जायचंय त्यांनी हे आधी डोक्यात पक्कं करा की मढई आणि पचमढी हे एकाच जंगलाचे दोन दरवाजे असले तरी एका दरवाज्यातून आत शिरून दुसऱ्यातून बाहेर पडता येत नाही, रस्त्याने सोहागपूर-पिपरिया असा वळसा घालावा लागतो. मी आधी नकाशावर बघून म्हणत होते, अरे हे तर शेजारी शेजारी आहे. तसं काही नाही. आणि जुलै ते सप्टेंबर कोअर बंद असतं, त्यामुळे पावसाळ्यात जाऊन गेटावर भांडू नका.

आता आईंचं चौरागढ. आईंचं माहेर वरूडचं. तिकडे महाशिवरात्रीला महादेवाला जायचं म्हणजे पचमढीलाच, आणि नवस फेडायचा तर लोखंडी त्रिशूल खांद्यावर घेऊन चौरागढच्या डोंगरावर चढवायचा, ही जुनी चाल आहे. आपल्याला आज वाटतं विदर्भातली माणसं एवढ्या लांब दुसऱ्या राज्यात का येतात, पण १९५६ पर्यंत ते एकच राज्य होतं आणि इंग्रजांच्या काळात तर नागपूरचं सरकारच उन्हाळ्यात पचमढीला जाऊन बसायचं. आईंच्या वडिलांनी थोरल्या मुलासाठी नवस बोलला होता की हा मॅट्रिक झाला तर त्रिशूल चढवीन. मामा मॅट्रिक झाले, पण तिसऱ्या खेपेला, आणि तोवर आजोबांचे गुडघे गेले. नवस राहिला तो राहिलाच. मामा आता ७६ वर्षांचे आहेत, अमरावतीला असतात, रिटायर होऊन जमाना झाला. पण आईंच्या डोक्यातून ते काही जात नाही.

"मले वाघ नाई दिसला तरी चालते," आई म्हणाल्या, "पण बापाचं देणं आहे ते." आई इंदूरला येऊन ४६ वर्षं झाली, आमच्यासारखंच अर्धं हिंदी अर्धं मराठी बोलतात, पण माहेरचा विषय निघाला की लगेच वऱ्हाडीत शिरतात.

तर मंदारने जुन्या इंदुरातल्या एका लोहाराकडून त्रिशूल करून आणला. अडीच फूट, वजन साधारण चार किलो, टोकं अगदी खरीखुरी. मी म्हटलं टोकं जरा बोथट करून आणायची ना, तर आई म्हणाल्या महादेवाला बोथट देतात का कोणी. मग तो माझ्या जुन्या टॉवेलात गुंडाळून वर सुतळी बांधून डिकीत ठेवला.

गुरुवार

सकाळी साडेपाचला राजेंद्रनगरहून निघालो. पोहे घरूनच डब्यात, वेगळ्या पुडीत शेव, वेगळ्या पुडीत जीरावन, म्हणजे पोह्यांवर भुरभुरायचा मसाला. इंदूरचा माणूस कुठेही जावो, दुसऱ्या गावचे पोहे खाऊन दिवसाची सुरुवात करायची त्याची तयारी नसते. (करतो, पण दिवसभर बोलत राहतो.) देवास, आष्टा, सीहोर हा रस्ता आता इतका सरळ झालाय की त्याबद्दल लिहायला काही नाही, ओजस पूर्ण वेळ झोपला होता. आष्ट्याच्या पुढे गाडी थांबवून पोहे खाल्ले, थंड झाले होते तरी संपले.

भोपाळ बायपासने काढून ओबेदुल्लागंजच्या पुढे आलं की डोंगर सुरू होतो. इथेच भीमबेटकाचा फाटा लागतो. थांबायचं नव्हतं, वेळ नव्हता, पण मी ओजसला उठवून सांगितलंच की हे आपल्या उज्जैनच्या वाकणकरांनी शोधलं, विष्णू श्रीधर वाकणकर, १९५७ साली ट्रेनच्या खिडकीतून त्यांना हे खडक दिसले आणि ते उतरून बघायला गेले. ओजस म्हणाला, ट्रेनमध्ये खिडकी मिळाली होती त्यांना? आणि परत झोपला.

बुधनीच्या पुढे नर्मदेचा पूल. आईंनी पर्समधून नाण्यांची पिशवी काढली, आधीच तयार ठेवली होती, प्रत्येकाच्या हातात एकेक नाणं. पण पुलावर गाडी थांबवता येत नाही आणि चालत्या गाडीतून नाणं कठड्याला लागून रस्त्यावर पडतं, मग आईंचा चेहरा पडला. म्हणून नर्मदापुरममध्ये (होशंगाबादचं आताचं नाव) सेठानी घाटावर गेलो. तासभर गेला, प्लॅनमध्ये तो तास नव्हता, मंदार दोनदा घड्याळ बघून झाला. पण दुपारी बारा वाजताही पाणी इतकं गार होतं की पाय घातल्यावर पोटऱ्यांपर्यंत कळ आली, आणि आई पायऱ्यांवर बसून घोटाघोटाने ते पाणी पीत होत्या. मी काही बोलले नाही, मनात मात्र त्यांच्या पोटाच्या गोळ्या कुठल्या बॅगेत आहेत ते आठवत होते.

जेवण सोहागपूरच्या अलीकडे एका ढाब्यावर, गक्कड आणि वांग्याचा भरता. गक्कड म्हणजे आपल्या बाटीचा चुलतभाऊ, गोवऱ्यांवर भाजलेला, हाताने फोडून तुपात टाकायचा. आपल्या इंदूरच्या दाल-बाफल्यापेक्षा चांगला लागला असं मी लिहिलं तर माझ्यावर बहिष्कार पडेल, म्हणून लिहीत नाही.

सोहागपूरहून आत वळलं की अठरा-वीस किलोमीटरवर मढई. साडेतीन वाजता पोचलो. समोर देनवा नदी, नदी म्हणजे खरं तर तवा धरणाचं मागे आलेलं पाणी, आणि पलीकडच्या काठापासून जंगल सुरू. त्या दिवशी सफारी नव्हती हे एका अर्थाने बरंच झालं, संध्याकाळभर काठावर खुर्च्या टाकून बसलो. चक्रवाकांच्या जोड्या होत्या, ते नारंगी रंगाचे, आणि लांब एका गवताळ पट्टीवर हंसांचा थवा होता, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले. तिथल्या मुलाने दुर्बीण दिली आणि सांगितलं की हे हिमालय ओलांडून येतात थंडीत. ओजसने फोन बाजूला ठेवून वीस मिनिटं दुर्बीण सोडली नाही. तेवढ्यात अंधार पडला आणि पलीकडून एक आवाज आला, भुंकल्यासारखा पण कुत्र्याचा नाही. सांबर, असं तो मुलगा म्हणाला. मग कोणी फार बोललं नाही.

शुक्रवार

सकाळची सफारी. साडेपाचला उठून जे जे आणलं होतं ते सगळं घातलं. आईंनी स्वेटरवर शाल, शालीवर मंदारचं जॅकेट आणि कानाला मफलर.

काउंटरवर घोळ झालाच. परमिटवर नावं मीच भरली होती आणि आईंचं नाव घाईत नुसतं "कुसुम" टाकलं होतं, आधार कार्डावर "कुसुमबाई" आहे. माणूस म्हणाला नाव मॅच होत नाही. पाच मिनिटं मी माझ्या परीने समजावलं, मंदारने त्याच्या परीने, मग आई पुढे झाल्या आणि म्हणाल्या, भैया, बाई तो मैं शादी के बाद हुई. मागच्या रांगेतले हसले, तोही हसला आणि शिक्का मारला. पण तुम्ही नाव आधारवर आहे तस्संच भरा, सगळीकडे माझी सासू नसते. आणि परमिटची प्रिंट काढून न्या. काउंटरजवळ नेटवर्क मरणाच्या दारात असतं, आमच्या पुढचं एक कुटुंब फोन वर धरून इकडून तिकडे फिरत होतं.

मग बोटीने नदी पार करायची आणि पलीकडे जिप्सी उभ्या असतात. ही बोट मला सगळ्या सफारीइतकीच आवडली. पाण्यावर धुकं इतकं की पलीकडचा काठ दिसतच नव्हता, बोटीचं पुढचं टोक धुक्यात आणि आपण मागे, अलीकडचा काठही पुसून गेलेला. दहा मिनिटं असेल नसेल.

जंगलाबद्दल सरळ सांगते, वाघ दिसला नाही. वाघ आहेत, पण इथलं जंगल डोंगराळ आहे आणि पार्क मोठं, ५०० चौरस किलोमीटरच्या वर, शिवाय शेजारी बोरी आणि पचमढीची अभयारण्यं धरून टायगर रिझर्व्ह आणखी कितीतरी मोठं. नुसता वाघच बघायचा असेल तर इथे येऊ नका, चिडचिड होईल. पण आमच्या गाइडने एका वळणावर जिप्सी थांबवली आणि खाली बोट दाखवलं. मऊ धुळीत टायरची नक्षी होती, आमच्या पुढे दहा-पंधरा मिनिटांपूर्वी गेलेल्या जिप्सीची, आणि त्या नक्षीच्या वर पंजा. चार बोटं आणि मागची गादी, कडा अजून ढासळल्या नव्हत्या. म्हणजे ती जिप्सी पुढे गेली आणि तिच्या मागून हा रस्ता ओलांडून गेला आणि त्या लोकांना पत्ताही नाही. ओजस म्हणाला, मग आपल्या मागून पण जात असेल. आम्ही चौघांनीही एकदम मागे वळून बघितलं, गाइडने पण.

अस्वल मात्र दिसलं, आणि कसलं दिसलं. रस्त्यापासून तीसेक फुटांवर वारूळ खणत होतं. आधी पुढच्या पंजांनी माती फेकायचं, मग तोंड आत घालायचं आणि मग असा आवाज यायचा की जुन्या व्हॅक्युम क्लीनरच्या नळीत गालिच्याचं टोक अडकावं. गाइड म्हणाला, याला वरचे मधले दोन दात नसतात, त्या फटीतून फुंकर मारून माती उडवतो आणि वाळवी आत ओढतो. थोड्या वेळाने बाहेर आलं तेव्हा नाकापासून कपाळापर्यंत लाल माती, आमच्याकडे बघितलं, काहीही फरक पडला नाही त्याला, परत तोंड आत. आई हळूच म्हणाल्या, तोंड धुवायला पाठवा रे कोणी त्याले.

गवे भरपूर. पहिला गवा दिसतो तेव्हा तो प्राणी आहे असंच वाटत नाही, काळा खडक वाटतो, मग खालचे पांढरे पाय दिसतात, मोजे घातल्यासारखे. बारासिंगा पण दिसले, ते कान्ह्याहून आणून सोडलेत इथे. आणि एका सागाच्या झाडावर शेकरू! मी उगाच ओरडले, हा तर महाराष्ट्राचा राज्यप्राणी. ओजस म्हणाला, मग इथे काय करतोय. मी म्हटलं, जे आपण करतोय, चार पिढ्यांपासून.

एका मोकळ्या गवताळ जागेत जिप्सी थांबली, मध्ये आंब्याची तीन-चार मोठी झाडं आणि एक दगडी ओटा. गाइडने सांगितलं इथे पूर्वी गाव होतं. कोअरमधली बरीच गावं बाहेर नेऊन वसवली, शेतं होती तिथे आता गवत वाढलंय आणि म्हणून हरणं वाढलीत. तो हे फार साधेपणाने सांगत होता. मी विचारलं तुमचं गाव पण? तो म्हणाला, मामाका. मग जिप्सी पुढे नेली.

(पायी सफारी पण असते इथे, गाइडबरोबर चालत, आणि कयाकिंग. आई आणि ओजस दोघं बरोबर असल्यामुळे आम्ही दोन्ही सोडलं. मंदारला हे अजून लागून आहे.)

दुपारी झोपलो. संध्याकाळची सफारी घेतली नव्हती, पैशाचा हिशोब बघून. दोन सफाऱ्या करायच्या असतील तर एकाच दिवशी दोन करू नका, तसंही अंग मोडून येतं.

शनिवार

मढई ते पचमढी, सोहागपूर-पिपरिया-मटकुली. मटकुलीनंतर घाट लागतो आणि सागाचं जंगल मागे पडून सालाची झाडं दिसायला लागतात. आईंना प्रत्येक वळणाला काहीतरी आठवत होतं, पण त्या स्वतः इथे कधी आलेल्याच नव्हत्या, आठवत होतं ते वडिलांनी सांगितलेलं. "आता पूल येईल." पूल आला. मंदार माझ्याकडे बघायला लागला.

घाटातच एका वळणावर मंदारने जोरात ब्रेक मारला, समोर माकडं होती, आणि मागून ठप्प असा आवाज आला. डिकी भरली होती म्हणून सकाळी त्रिशूल मागच्या सीटच्या पायाशी आडवा ठेवला होता, तो सुतळी सैल होऊन टॉवेलातून बाहेर आला आणि मधलं टोक मंदारच्या सीटच्या पाठीत घुसलं. सीट कव्हर फाटून आत स्पंज दिसत होता. मंदारला काही लागलं नाही. कव्हर दिवाळीत घातलेलं, नवीन. आई म्हणाल्या, महादेवानं वाचवलं. मंदार म्हणाला, आई, महादेवाचाच होता तो.

पचमढीत शनिवार असल्यामुळे तुफान गर्दी. इथे धूपगढ, बी फॉल वगैरे पार्कच्या आतल्या पॉइंटना स्वतःची गाडी नेता येत नाही, बायसन लॉजपाशी परमिट काढून जिप्सी करावी लागते. आम्ही साडेबाराला पोचलो तर मोठी लाइन, मंदार लाइनीत आणि आम्ही आत म्युझियम बघत. बायसन लॉज १८६२ चं आहे, पचमढीतलं इंग्रजांनी बांधलेलं पहिलं घर, कॅप्टन फॉरसिथने. त्याला पचमढीचा शोध लावणारा म्हणतात, पण नागपंचमीला नागद्वारीला आणि शिवरात्रीला चौरागढला जाणारे आमच्या आईंच्या माहेरचे लोक त्याला विचारून जात नव्हते, एवढंच म्हणेन.

जिप्सी मिळाली दोन वाजता. जटाशंकर झालं, कड्यांच्या खाली वाकून जायचं, भस्मासुराला घाबरून शंकर इथे लपला म्हणतात. पांडव गुंफा लांबूनच. मग धूपगढ. सातपुड्यातलं सगळ्यात उंच, १३५२ मीटर. मी कळसूबाई चढलेली बाई (१६४६, कॉलेजात असताना, आता विचारू नका), त्यामुळे आकड्याचं काही वाटलं नाही. पण सूर्य खाली जाताना डोंगरांच्या रांगा एकामागे एक निळ्या होत गेल्या, जवळची गडद, त्यामागची फिकी, सात-आठ तरी मोजल्या ओजसने. शंभर-दीडशे लोक होते आणि प्रत्येकजण सूर्य चिमटीत धरून फोटो काढत होता. आम्ही पण काढला. खोटं कशाला बोलू.

हॉटेलबद्दल थोडक्यात, नाव घेत नाही, गरम पाणी चोवीस तास असं लिहिलं होतं आणि ते सकाळी सहा ते आठ यायचं. जानेवारीत पचमढीला जात असाल तर बुकिंगच्या आधी फोन करून हेच विचारा, बाल्कनीतला व्ह्यू नंतर.

रविवार

ज्यासाठी आलो तो दिवस. सहाला उठलो, सातला बडा महादेवला. तिथवर आपली गाडी जाते. आधी गुहेत जाऊन आलो, आत वरून सतत पाणी ठिबकत असतं, आईंच्या डोक्यावर बरोब्बर मधोमध पडलं तर त्यांनी पदर मागे करून अजून एकदा पडू दिलं.

चौरागढ तिथून साडेतीन-चार किलोमीटर, आधी चढउतार आणि शेवटी पायऱ्या, हजाराच्या वर. आईंना सत्तर पूर्ण. आमचं ठरलं होतं की जमेल तिथवर जायचं, घाई नाही, पाणी, ग्लुकोज, तिळाचे लाडू सगळं घेतलेलं. त्रिशूल ओजसच्या खांद्यावर, पहिली पंधरा मिनिटं त्याला मजा वाटली, मग दर दोन मिनिटांनी खांदा बदलायला लागला. एका म्हाताऱ्या साधूने थांबवून त्याला धरायचं कसं ते दाखवलं, दांडा मानेच्या मागे आडवा टाकून दोन्ही हात वर.

पाऊण तासाने आई एका चहाच्या टपरीपाशी बसल्या. दम लागला नव्हता, पण उजवा गुडघा आजोबांवर गेलाय. मी म्हटलं थांबू आपण थोडं. तेवढ्यात खालून आठ-दहा जणांचा घोळका आला, बायका नऊवारीत, पुरुष डोक्याला उपरणं बांधलेले, एकाच्या खांद्यावर ओजसपेक्षा मोठा त्रिशूल, आणि वळणावर आल्या आल्या ओरडले, "हर बोला महादेव!" आई टपरीच्या बाकावरून तशाच उभ्या राहिल्या.

"कोनतं गाव जी?"

"मोर्शी. तुमचं?"

"वरूड."

झालं. वरूड-मोर्शी म्हणजे अगदी शेजार. पुढची पाच मिनिटं मी इंदूरची, मराठीच असूनही, निम्मंच समजत होते. कोणाचं कोण कुठे दिलं, धरणात कोणाचं वावर गेलं, संत्र्याला यंदा काय भाव. त्यांच्यातल्या एक आजी पण पाय दुखतात म्हणून थांबणार होत्या. आई बसल्या त्यांच्याशेजारी आणि आम्हाला म्हणाल्या, तुम्ही जा.

मी म्हटलं, आई, तुम्ही नाही आलात तर नवस कसा फिटणार, थोडं थोडं जाऊ ना. तर त्यांनी ओजसकडे बघून सांगितलं, त्रिशूल चढला पाह्यजे, मी नाई. बापानं असंच म्हटलं होतं, त्रिशूल चढवीन.

मी आईंपाशी थांबले आणि बाप-लेक गेले मोर्शीवाल्यांच्या मागे. त्यामुळे चौरागढच्या माथ्याबद्दल मी सांगते ते ऐकीव. ओजस म्हणाला की वर देवळाच्या भोवती त्रिशूलच त्रिशूल, हजारो असतील, गंजून लाल झालेले, काहींचं वजन चार माणसांना उचलणार नाही असं, काहींवर नावं कोरलेली आणि गावं, आणि एकावर एक इतके टेकवून ठेवलेले की आपला ठेवायला जागाच दिसेना. त्याने सगळीकडे फिरून शेवटी एका भिंतीच्या कडेला एका जुन्या मोठ्याच्या बाजूला उभा केला. "नवा आहे ना, चमकत होता, लगेच ओळखू येईल." मंदारने फोटो काढला पण ऊन समोरून होतं, फोटोत नुसता पांढरा उजेड आलाय.

साडेतीन तासांनी ते दोघं खाली आले. तोवर इथे टपरीवर चार चहा झाले होते, आमचे तिळाचे लाडू संपले होते आणि बदल्यात आमच्याकडे दीडेक डझन संत्री आली होती. ओजस धापा टाकत येऊन आईंच्या पायाशी बसला, बोलायला तोंड उघडलं, तर आई त्या मोर्शीच्या आजींना म्हणत होत्या, थांब ग बाई, तुह्या नणदेचं सांगून घे आधी, मंग याचं ऐकतो.

संध्याकाळी कोणी कुठे गेलं नाही. मंदार आणि ओजसचे पाय कामातून गेले होते. बी फॉल राहिला, रजत प्रपात राहिला, हांडी खोह गाडीतून उतरून दोन मिनिटं. पचमढी नीट बघायची तर दोन पूर्ण दिवस तरी ठेवा, आणि शनिवार-रविवार टाळा.

सोमवार

परत. पिपरियात थांबून तूरडाळ घेतली, या पट्ट्यातली तूर चांगली म्हणून पाच किलो, आणि पचमढीतून चारोळी आणलीच होती. डाळीच्या दुकानाबाहेर आईंच्या फोनला एकदम चार दांड्या आल्या तेव्हा त्यांनी अमरावतीला मामांना फोन लावला, स्पीकरवर, कारण त्यांना तसाच लावता येतो.

"दादा, फिटला रे तुह्या मॅट्रिकचा नवस. नातवानं चढवला."

मामा बराच वेळ काही बोलले नाहीत, मला वाटलं फोन कटला. मग म्हणाले, "केवढा होता?"

"अडीच फूट."

"अडीच?" मामा म्हणाले. "अन् मले बावन टक्के होते ना."

आई दुकानाच्या पायरीवर बसून इतक्या हसल्या की दुकानदार पाणी घेऊन आला.

रात्री साडेनऊला घरी. संत्री अजून आहेत दोन-तीन, सीट कव्हर शिवायला टाकायचंय.